डोंगरावर डाळ का शिजत नाही?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या नित्याच्या जीवनात काही तक्रारी अशा असतात की त्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात, परंतु त्यांचा उलगडा करून घेण्याची तसदी कोणी घेत नाही. ‘डाळ शिजत नाही’ ही त्यांपैकीच एक होय. डाळ शिजली नाही म्हणजे दोष कधी वाण्याच्या माथी बसतो, कधी चुलीच्या, आणि बहुधा तो पातेल्यापाशी उभ्या असलेल्या गृहिणीच्या माथी येऊन स्थिरावतो. हा दोष खरोखर कोणाचा असतो, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहो. विषय साधा दिसतो. परंतु त्यात पदार्थविज्ञान आहे, रसायन आहे, थोडा भूगोल आहे आणि न्यायाचाही एक प्रश्न आहे.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब काही वर्षांपूर्वी रत्नागिरीहून मलाजखंड येथे राहावयास गेले. मध्यप्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील हे गाव तांब्याच्या खाणीसाठी सर्व देशास ठाऊक आहे. हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीचा तेथील प्रकल्प १९८२ साली राष्ट्रास अर्पण करण्यात आला, आणि पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेली तेथील उघडी खाण ही तांब्याची देशातील सर्वांत मोठी उघडी खाण म्हणून प्रसिद्धीस आली. अशा ठिकाणी नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांची माणसे येतात, आणि त्यांत मराठी घरेही असतात. बालाघाट जिल्ह्याचे मराठी मुलखाशी जुने नाते आहे. हा जिल्हा पूर्वीच्या मध्यप्रांताच्या नागपूर विभागात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले.

तर या रत्नागिरीकर कुटुंबात नवी अडचण उभी राहिली. तुरीच्या डाळीचे वरण काही केल्या मिळून येईना. सासूबाईंना कुकरातले वरण पसंत नव्हते. पातेल्यात मंद शिजलेल्या डाळीची चव त्यांना हवी असे. रत्नागिरीस जी डाळ पाऊण तासात मऊ होत असे, ती येथे दीड तास चुलीवर राहूनही दाताखाली कचकच लागे. “अगं, डाळ नीट भिजत घातली होतीस ना? लक्ष कुठे असतं तुझं?” असे सूनबाईंना रोज ऐकावे लागे. शेवटी शेजारच्या एका बाईंनी त्यांची कड घेतली. त्या म्हणाल्या, “काकू, सूनबाईंचा काही दोष नाही. आपण डोंगरावर आलो आहोत. डोंगरावर डाळ शिजतच नाही.” सूनबाईंना हायसे वाटले. परंतु या उत्तराने वरण काही मऊ झाले नाही.

आम्ही सुट्टीत त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलो तेव्हा हा खटला आमच्यापुढे आला. शेजारीणबाईंचे म्हणणे खरे होते काय? मित्रहो, ते खरे होते. परंतु फारच थोडे खरे होते. हे कसे ते आता क्रमाने पाहू.

प्रथम पाणी उकळते म्हणजे काय होते ते समजून घेतले पाहिजे. पातेल्यातील पाणी तापू लागले की त्याची वाफ बाहेर पडण्यासाठी धडपडू लागते. वाफेचा हा जोर तापमानाबरोबर वाढत जातो. परंतु पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा भार असतो. हा भार आपणांस जाणवत नाही, तरी तो थोडाथोडका नाही. समुद्रसपाटीवर तो ७६० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाएवढा असतो. वाफेचा जोर हवेच्या भाराबरोबर झाला की पाण्याच्या आतच बुडबुडे निर्माण होऊन ते वर येतात, आणि आपण म्हणतो, पाणी उकळले. समुद्रकाठी हे १०० अंश सेल्सियसवर घडते. एकदा पाणी उकळू लागले की कितीही जाळ केला तरी त्याचे तापमान त्याहून वर चढत नाही. अधिकची सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते.

आपण जसजसे उंच जातो तसतसा आपल्या डोक्यावरील हवेचा थर कमी होतो आणि तिचा भारही घटतो. साहजिकच वाफेला कमी जोर पुरतो, आणि पाणी कमी तापमानावरच उकळू लागते. स्थूलमानाने दर ३०० मीटर चढावास पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो, असे म्हणावयास हरकत नाही. या हिशेबाने काही परिचित ठिकाणे पाहू. उंचीचे व तापमानाचे आकडे स्थूल आहेत.

मुंबई व रत्नागिरी, समुद्रकाठ : १०० अंश.
नागपूर, ३१० मीटर : ९९ अंश.
पुणे, ५६० मीटर : ९८ अंश.
मलाजखंड, पावणेसहाशे मीटरांच्या आसपास : ९८ अंश.
पचमढी, १०६७ मीटर : साडेशहाण्णव अंशांच्या थोडे खाली.
महाबळेश्वर, १३७२ मीटर : साडेपंचाण्णव अंशांच्या थोडे खाली.
कळसूबाईचे शिखर, १६४६ मीटर : साडेचौऱ्याण्णव अंश.
लेह, ३५०० मीटर : ८८ अंश.
एव्हरेस्टचे शिखर, ८८४८ मीटर : सुमारे ७१ अंश.

‘बालाघाट’ या नावाचा अर्थच मुळी ‘घाटावरचा प्रदेश’ असा आहे. गंमत अशी की, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले बालाघाट शहर वैनगंगेच्या खोऱ्यात, घाटाखाली, सुमारे २८८ मीटर उंचीवर आहे. तेथून बैहरच्या रस्त्याने घाट चढून मलाजखंडास जावे तो पाण्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ एका अंशाने खाली येतो. आम्ही शाळेतील तापमापक बरोबर नेला होता. तो उकळत्या पाण्यात, बुडाला लागू न देता, धरून पाहिला तेव्हा पारा ९८ च्या अगदी जवळ स्थिर राहिला. शेजारीणबाईंच्या म्हणण्यास विज्ञानाने येथवर दुजोरा दिला.

आता दोन अंशांनी असा काय फरक पडतो, असे तुम्ही विचाराल. डाळ शिजणे म्हणजे केवळ गरम होणे नव्हे. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने जणू चिकटवलेल्या असतात. उष्णतेने हे द्रव्य विरघळते, पेशी सुट्या होतात, आतील पिष्ट पाणी शोषून फुगते, आणि दाणा बोटाने दाबताच मोडतो. ही सारी रासायनिक घडामोड आहे, आणि अशा घडामोडींचा वेग तापमानावर अवलंबून असतो. तापमान दहा अंशांनी उतरले की वेग अदमासे निम्मा होतो, असा एक ढोबळ नियम आहे. काही पदार्थांत तो निम्म्याहूनही खाली जातो. परंतु अंदाजासाठी हा नियम पुरेसा आहे. त्या नियमाने, समुद्रकाठी ४० मिनिटांत शिजणाऱ्या डाळीस मलाजखंड येथे ४६ मिनिटे, महाबळेश्वरास ५५ मिनिटे, आणि लेह येथे सुमारे दीड तास लागेल. लेहच्याही वर गेले तर उघड्या भांड्यात कडधान्य शिजवणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

याचा अनुभव थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनाही आला होता. १८३५ साली दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडताना त्यांच्या मुक्कामावर बटाटे उकळण्यास ठेवले होते. रात्रभर भांडे विस्तवावर राहिले, सकाळी पुन्हा उकळले, तरी बटाटे कच्चेच! बरोबरच्या वाटाड्यांनी यावर खल केला आणि निकाल दिला की दोष भांड्याचा आहे; भांडे नवे आहे आणि बटाटे शिजवण्याची त्याची इच्छाच नाही. डार्विन यांना खरे कारण ठाऊक होते. आपण त्या वाटाड्यांना हसतो. परंतु भांड्याऐवजी सूनबाईंना दोष देणारे आपण त्यांच्याहून फारसे शहाणे ठरत नाही.

उंचीमुळे उत्कलनबिंदू उतरतो, तर उत्कलनबिंदूवरून उंची मोजता येईल की नाही? येईल, आणि हे काम आपल्याच देशातील एका शाळामास्तरांनी करून दाखविले आहे. कुमाऊँमधील नैनसिंह रावत हे शिक्षक होते. सर्वेक्षण खात्याच्या वतीने ते वेष पालटून तिबेटात शिरले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासा येथे पोहोचले. परकीय मोजणीदारास तेथे मज्जाव होता. म्हणून तापमापक लपवून नेऊन, उकळत्या पाण्याचे तापमान पाहून त्यांनी ल्हासाची उंची ठरविली. पुढे १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांस सुवर्णपदक दिले. चहाचे आधण आणि एक तापमापक एवढ्या सामग्रीवर जगाच्या नकाशात भर घालता येते, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता आपल्या खटल्याकडे परत येऊ. उंचीमुळे मलाजखंडास ४० मिनिटांची ४६ मिनिटे व्हावीत, म्हणजे सहा-सात मिनिटे अधिक लागावीत. परंतु त्या घरी डाळ दीड तासातही शिजत नव्हती! शिवाय आमच्या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. पुणे आणि मलाजखंड यांची उंची जवळजवळ सारखीच आहे. पुण्याच्या पेठांतून वर्षानुवर्षे पातेल्यातले वरण शिजत आले, आणि ‘आम्ही डोंगरावर राहतो म्हणून डाळ शिजत नाही’ अशी तक्रार पुणेकरांनी कधी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याचा अर्थ उघड आहे. उंची हा या खटल्यातील आरोपी खरा; परंतु तो लहान आरोपी आहे. मोठे आरोपी दुसरेच असले पाहिजेत. आम्ही त्यांचा शोध घेऊ लागलो.

पहिला संशय पाण्याचा. हे कुटुंब भाड्याच्या घरात राही आणि अंगणातील कूपनलिकेचे पाणी वापरी. आंघोळीच्या वेळी साबणास फेस येत नाही, आणि चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो, असे सूनबाईंनी सहज बोलता बोलता सांगितले. ही जड पाण्याची खूण होय. जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. डाळीतील ज्या पेक्टिनने विरघळावयास हवे, त्याला हे क्षार धरून ठेवतात व त्याचे न विरघळणारे संयुग बनते. मग पेशी सुट्या होत नाहीत आणि दाणा कितीही उकळला तरी टणकच राहतो. एकाच गावात एका विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि दुसरीच्या पाण्यात शिजत नाही, हा खेड्यापाड्यांतील बायकांचा अनुभव आहे. त्यात जादू काही नसून हे क्षारच असतात.

दुसरा संशय डाळीचा. सासूबाईंनी कोकणच्या रीतीप्रमाणे वर्षाची बेगमी म्हणून डाळ भरून ठेवली होती, आणि तिने एक आख्खा पावसाळा डब्यात काढला होता. उष्ण व दमट हवेत कडधान्ये पुष्कळ दिवस राहिली की त्यांच्या अंतरंगात फेरफार होतात. दाण्यातील फॉस्फरसयुक्त संयुगे मोडतात, त्यांनी धरून ठेवलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटतात, आणि ते दाण्याच्या आतूनच पेक्टिनला घट्ट करतात. म्हणजे जड पाणी बाहेरून जे करते तेच जुना दाणा आतून करून घेतो. अशी डाळ दिसावयास चांगली, निवडावयास स्वच्छ. पण शिजावयास मात्र हट्टी असते. तांदळाचा प्रकार मात्र निराळा आहे. बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो असो वा दुसरा कोणताही असो, नवा तांदूळ चिकट होतो आणि जुना तांदूळ अधिक पाणी पिऊन मोकळा फुलतो. म्हणून जुनेपणा भातास मानवतो आणि वरणास बाधतो.

तिसरा संशय आंबटाचा. रोजच्या बोलण्यास कंटाळून सूनबाईंनी वेळ वाचविण्याची एक युक्ती काढली होती. डाळ चढवितानाच त्या तीत आमसुले टाकीत. येथेच घात होत होता. आम्ल पाण्यात पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांपैकी काहीही डाळ मऊ होण्याच्या आधी घातले तर ती अडून बसते. आमटीत चिंचेचा कोळ डाळ शिजल्यावरच घालावा, ही आपल्या आजींची शिकवण केवळ रीत नव्हती; तिच्यामागे रसायन होते. आजींना त्या रसायनाचे नाव ठाऊक नव्हते, इतकेच.

मग आम्ही एक चाचणी घेतली. बाजारातून नव्या हंगामाची डाळ आणली. कूपनलिकेचे पाणी आदल्या रात्री उकळून, निवळू देऊन, वरचे स्वच्छ पाणी काढून घेतले. पाणी उकळले असता काही क्षार तळाशी बसतात आणि जडपणा काही अंशी कमी होतो. एका पातेल्यात नवी डाळ व निवळलेले पाणी घेतले. दुसऱ्यात जुनी डाळ आणि तेच पाणी. तिसऱ्यात जुनी डाळ, नळीचे पाणी आणि नेहमीप्रमाणे आमसुले. तिन्ही डाळी सारखा वेळ भिजवल्या आणि तिन्ही पातेली झाकण ठेवून सारख्या आचेवर चढविली. पाऊण तासाच्या सुमारास पहिल्या पातेल्यातील डाळ पळीने घोटताच मिळून आली. दुसऱ्या पातेल्यास बराच अधिक वेळ लागला. तिसरे पातेले आम्ही कंटाळून उतरविले. सासूबाई तेथेच बसल्या होत्या. त्यांनी पहिल्या पातेल्यातले वरण भातावर वाढून घेतले, दोन घास खाल्ले, आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, “उगाच बोलले गं तुला इतके दिवस.” मित्रहो, विज्ञानाचे पुष्कळ उपयोग आम्ही वर्गात शिकवितो, परंतु निर्दोष माणसाची निर्दोषता सिद्ध करणे हा त्याचा उपयोग पाठ्यपुस्तकात सहसा लिहिलेला नसतो.

या तीन कारणांखेरीज आणखीही काही गोष्टी शिजण्याच्या वेळेवर परिणाम करतात. त्यांचाही थोडक्यात विचार करू.

दाण्याचे आकारमान ही पहिली गोष्ट. उष्णता व पाणी दाण्याच्या बाहेरून आत शिरत मध्यापर्यंत पोहोचावे लागते, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ साधारण चौथ्या हिश्शावर येतो. म्हणूनच आख्ख्या बटाट्याहून फोडी लवकर शिजतात आणि आख्ख्या तुरीहून तिची डाळ लवकर शिजते. भिजत घालण्याचे मर्मही हेच आहे. पाण्याने दाण्याच्या आत शिरण्याचे काम चुलीवर चढण्यापूर्वीच, सरपण न जाळता, उरकून घेतलेले असते.

दुसरी गोष्ट जाळाची. पाणी खळखळा उकळले म्हणजे डाळ लवकर शिजते, हा मोठाच गैरसमज आहे. उकळी मंद असो वा प्रखर, पाण्याचे तापमान तेच राहते. एक ग्रॅम पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७५ कॅलरी उष्णता लागते. परंतु त्याच एका ग्रॅमची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे खळखळाटात आपण सातपट उष्णता हवेत उधळीत असतो. उकळी फुटताच आच मंद करावी आणि झाकण ठेवावे. वेळ तेवढाच लागतो आणि इंधन वाचते. ज्या घरात अजून लाकडे जळतात तेथे धूरही कमी होतो, आणि त्या धुरात बसणाऱ्या आईच्या डोळ्यांना व छातीला तेवढाच आराम मिळतो.

तिसरी गोष्ट मीठ व सोडा. मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो हे खरे. पण एका लिटरमध्ये दहा ग्रॅम मीठ घातले तरी ही वाढ अंशाच्या सहाव्या भागाएवढीच होते. स्वयंपाकात तिला महत्त्व नाही. मिठाच्या पाण्यात कडधान्य भिजविले तर मात्र ते काहीसे लवकर मऊ होते. कारण मिठातील सोडियम दाण्याच्या सालीतील कॅल्शियमची जागा घेते. खाण्याच्या सोड्याने डाळ झटपट शिजते, परंतु त्यामुळे ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि चवही बिघडते. म्हणून सोड्याची सवय लावू नये.

चौथी गोष्ट भांड्याची. मलाजखंडच्या भूमीतून निघणारे तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे. स्टेनलेस पोलादाच्या मानाने ते वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून तांब्याचे भांडे लवकर व सर्वत्र सारखे तापते, आणि पदार्थ एका जागी करपत नाही. परंतु भांड्याच्या धातूने पाण्याचा उत्कलनबिंदू बदलत नाही. आंबट पदार्थाने तांबे विरघळते व ते पोटास अपायकारक ठरते. त्यासाठीच आपले पूर्वज तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करून घेत.

येथे कोणी विचारील की मग भाकरी आणि भजी यांचे काय? तव्याचे अथवा तेलाचे तापमान हवेच्या भारावर अवलंबून नसते. म्हणून भाकरी भाजण्यास मलाजखंड काय आणि मुंबई काय, वेळ जवळजवळ सारखाच. उंचीचा फटका मुख्यतः पाण्यात अथवा वाफेवर शिजणाऱ्या पदार्थांना बसतो. अंड्याचे मात्र निराळे आहे. त्यातील प्रथिने ६० ते ८० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात. त्यामुळे लेहलाही अंडे उकडते. वेळ थोडा अधिक द्यावा लागतो.

उंच प्रदेशातील या अडचणीवर माणसाने शोधलेला उपाय म्हणजे प्रेशर कुकर. हवेचा भार कमी पडतो ना? मग आपण भांड्याचे तोंड बंद करून वाफेचाच भार वाढवू, हे त्याचे तत्त्व. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ यांनी १६७९ साली असे भांडे तयार केले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडले. हाडेसुद्धा त्यात मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून त्यांनी त्यास सुरक्षा-झडप बसविली होती. आजच्या कुकराच्या शिटीचे वजन सामान्यतः बाहेरच्या हवेहून दर चौरस इंचास १५ पौंड अधिक दाब राखते. त्यामुळे समुद्रकाठी आत १२१ अंश तापमान होते, आणि आपल्या ढोबळ नियमाप्रमाणे ४० मिनिटांचे काम १० मिनिटांच्या आसपास आटोपते. परंतु ध्यानात ठेवा, शिटी हा दाब ‘बाहेरच्या हवेहून अधिक’ असा मोजते. बाहेरची हवाच विरळ असली तर आतील एकूण दाबही कमी पडतो. म्हणून मलाजखंडास कुकरात १२१ ऐवजी सुमारे १२० अंश होतात, आणि लेह येथे सुमारे ११५. उघड्या पातेल्यात लेहचा तोटा बारा अंशांचा होता. कुकरात तो सहा अंशांवर आला. तोटा पुरता नाहीसा झाला नाही, पण निम्मा झाला. डोंगराळ भागात कुकर ही चैन नसून गरज आहे ती यामुळे.

आरोग्याच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिण्याचे पाणी उकळून घेताना, उंचावर ते कमी तापमानास उकळते म्हणून निरुपयोगी ठरते काय? नाही. मलाजखंडचे ९८ अंश रोगजंतू मारण्यास पुरेसे आहेत. उकळी फुटल्यावर एक मिनिटभर पाणी उकळत ठेवावे. सुमारे दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर मात्र तीन मिनिटे उकळावे, असा नियम सांगितला जातो. हिमालयात सहलीस जाणाऱ्यांनी तो विसरू नये.

आता, विद्यार्थिमित्रहो, केवळ वाचून थांबू नका. पुढील प्रयोग घरी अथवा शाळेत मोठ्यांच्या देखरेखीखाली करून पाहा. पहिला : उकळत्या पाण्यात तापमापक बुडाला न टेकविता धरा. १०० मधून वाचन वजा करा, आणि उत्तरास ३०० ने गुणा. तुमच्या गावाची अदमासे उंची मीटरांत मिळेल. दुसरा : दोन स्वच्छ बाटल्यांत तुमच्या घरचे पाणी आणि पावसाचे पाणी सारख्या मापाने घ्या. दोहोंत साबणाचा सारखाच किस टाकून हलवा आणि फेस ताडून पाहा. तिसरा : एकच डाळ दोन पातेल्यांत, एकीत प्रारंभीच थोडी चिंच घालून आणि दुसरीत न घालता शिजवा, आणि दर पाच मिनिटांनी एक दाणा दाबून पाहा. प्रत्येक प्रयोगात एकच गोष्ट बदला व बाकीच्या सारख्या ठेवा. आम्ही आमच्या तिसऱ्या पातेल्यात दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, हे चतुर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्यामुळे पाणी आणि आमसूल यांपैकी कोणाचा दोष किती, हे आम्हांला निश्चित सांगता आले नाही. ती उणीव तुम्ही भरून काढावी.

मलाजखंडच्या त्या घरी आता वरण वेळेवर होते. डाळ चार महिन्यांपुरतीच भरली जाते, पाणी निवळून घेतले जाते, आणि आमसुले डाळ शिजल्यावर पडतात. घाईच्या दिवशी सासूबाई स्वतःच म्हणतात, “आज कुकर लाव गं.” डोंगर जेथे होता तेथेच आहे आणि पाणी अजूनही ९८ अंशांवरच उकळते. सहा-सात मिनिटे अधिक लागतात, आणि ती कोणासही जड जात नाहीत. घरात पुन्हा एखादी वस्तू बिघडेल, एखादे काम साधणार नाही, तेव्हा माणसास बोल लावण्यापूर्वी तापमापक, घड्याळ आणि थोडा विचार यांची मदत घ्यावी, एवढेच आमचे आमच्या वाचकांस सांगणे आहे.